जुन्या मोटारीचे कॅनिस्टर काढून टाकावे का?

प्रश्न (गंगापूर रोड): माझ्याकडे २००२ सालची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल मोटार आहे. टाकी काठोकाठ भरून आणली की इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये रात्रभर पेट्रोलचा वास कोंडून राहतो आणि पेट्रोल भरल्यावर लगेच इंजिन सुरू करताना ते अडखळते. कॅनिस्टर (टाकीतील पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) काढून नळ्यांची तोंडे बंद करावीत, पीयूसी त्याशिवायही मिळते, असा सल्ला एका गॅरेजमध्ये मिळाला. तसे करावे का?

उत्तर (सातपूर): कृपया करू नका. उन्हाने टाकीत तयार होणारी वाफ कॅनिस्टरमधील सक्रिय कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधील विजेवर चालणारी झडप) उघडला की तीच वाफ इनटेक मॅनिफोल्डमार्गे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) सिलिंडरमध्ये जाऊन जळते. नळ्या बंद केल्या तर टाकीतील दाबाचा सगळा भार झाकणातल्या झडपेवर येतो, आणि ती अडकलेली असेल तर पेट्रोल खर्च होईल तशी आत पोकळी निर्माण होऊन पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. नळ्या उघड्या ठेवल्या तर हवेपेक्षा जड असलेली वाफ तळघराच्या जमिनीलगत साचेल, जे त्याहून घातक आहे.

भरल्यावर अडखळणे हे पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचे नेहमीचे लक्षण आहे. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह सोडवून त्यात हवा फुंकून पाहावी. वीजपुरवठा नसताना बहुतेक मोटारींत ती आरपार जाता कामा नये. वासाचे कारण मात्र वेगळे असू शकते. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल घातले जाते, ते द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये शिरते, आणि भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही. ही सवय आजच थांबवा.

उत्तर (नाशिकरोड): पीयूसीच्या तपासणीत सायलेन्सरच्या नळीतून निघणारा धूरच मोजतात, टाकीतून सुटणारी वाफ नव्हे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणून ही यंत्रणा अनावश्यक ठरत नाही. हीच वाफ आपल्याकडच्या मे महिन्यातील कडक उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांसह जमिनीलगतचा ओझोन तयार करते.

व्हॉल्व्ह बदलताना टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतच्या रबरी नळ्याही वाकवून तडे पाहा. इतक्या जुन्या मोटारीचे रबर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल गृहीत धरून बनवलेले नसते, म्हणून नव्या नळ्या ई२०साठी योग्य आहेत याची दुकानदाराकडून खात्री करून घ्या. हे काम तळघरात नव्हे, उघड्यावर आणि बॅटरीची तार सोडवूनच करावे.