टाउनशिपमधली बाग रखडली आहे, कुठे तक्रार करायची?

तिसरा_मजला: वाघोलीच्या पुढे टाउनशिपमध्ये राहतो. माहितीपत्रकात मधोमध मोठी बाग, जॉगिंग ट्रॅक, ज्येष्ठांसाठी कट्टे, सगळं होतं. प्रत्यक्षात तिथे पत्रे ठोकलेत आणि आत मुरूम, सळया, राडारोडा. मागच्या पावसाळ्यात कडेने रोपं लावली, फोटो टाकले, उन्हाळ्यात सगळी वाळली. बिल्डरला विचारलं की एकच उत्तर, "पुढच्या फेजबरोबर होईल." मेंटेनन्स मात्र बाग धरून घेतात. रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

कागदबहाद्दर: सोसायटी नोंदवली आहे का? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी, आलंय? नकाशा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर केलाय की महापालिकेने? वाघोली २०२१ मध्ये मनपात गेली, "पुढे" म्हणजे नक्की कुठे?

मातीत_हात: रोपं कोणती होती? बाग जमिनीवर की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर? पोडियमवर मीटरभर माती नसेल तर मोठं झाड जगतच नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत वरची २० सेंटिमीटर माती काढून बागेसाठी जपून ठेवायची अट असते. तुमची सुपीक माती गेली कुठे, ते आधी विचारा.

तिसरा_मजला: रोपं उंच होती, पामसारखी. सोसायटी नाही झाली, भोगवटा आमच्या फेजला आहे. झाडांचं राहू द्या हो, बाग कधी होणार ते कसं कळेल?

मातीत_हात: पाम! पुण्याच्या उन्हात टँकरच्या पाण्यावर पाम. बहावा, ताम्हण, करंज लावले असते तर दोन उन्हाळे सांभाळले की झालं. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प.

स्वानुभव_७०: महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या नादी लागू नका, तारखांवर तारखा पडतात. आम्ही साइट इंजिनिअरला चहाला बोलावलं, चार ज्येष्ठ मंडळी बसली, दिवाळीपर्यंत लॉन आलं.

कागदबहाद्दर: काका, लॉन आलं, पण बाग तुमच्या नावावर आली का?

स्वानुभव_७०: नावावर घेऊन काय करायचंय? नातवंडं खेळतात ना.

शिल्पा_खराडी: मूळ प्रश्नाकडे येऊ या. दादा, महारेराच्या साइटवर तुमच्या फेजचा नोंदणी क्रमांक टाका. दर तिमाहीला बिल्डरला प्रगती भरावी लागते, सामायिक सुविधांचं कामही त्यात दिसतं. मग पुढच्या फेजची नोंदणी वेगळी उघडा. बरेचदा मधली बाग आणि क्लब हाउस शेवटच्या फेजमध्ये ढकललेलं असतं आणि पूर्णत्वाची तारीख त्याच फेजची लागते. करारनाम्याच्या परिशिष्टात बाग कोणत्या फेजमध्ये लिहिलीय, ते पाहिलंत का?

तिसरा_मजला: पाहिलं आत्ता. "सामायिक उद्यान", एवढंच. तारीख नाही. रविवारची मीटिंग बिल्डरनेच बोलावली आहे, सुधारित लेआउटच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायला. त्यात बाग थोडी मागे सरकणार म्हणतात.

शिल्पा_खराडी: अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं! रेरा कायद्याचं कलम १४(२) वाचा. सामायिक जागेचा मंजूर नकाशा बदलायला किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. एकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावावर पाच फ्लॅट असले तरी तो एकच मोजायचा. बिल्डरच्या गळ्याची दोरी सध्या तुमच्या हातात आहे आणि तुम्ही विचारताय तक्रार कुठे करायची.

कागदबहाद्दर: आणि "मागे" म्हणजे कुठे? नाल्याकडेला, की एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांवर? ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती खेळायच्या कामाची आहे का, ते बघा. जुना आणि नवा, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून मोजा.

स्वानुभव_७०: सही अडवली तर दुसऱ्या फेजचं काम थांबेल, मग पाण्याची लाइनही लटकेल. व्यवहार बघा जरा.

शिल्पा_खराडी: काका, ती भीती बिल्डरने घालायची, आपण का घालताय? निम्म्याहून जास्त बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटी करून द्यायला हवी, तेही विचारा रविवारी.

तिसरा_मजला: नकाशाची प्रत मागितली तर म्हणाले, मीटिंगमध्ये दाखवू.

शिल्पा_खराडी: मग मीटिंगमध्ये फोटो काढा, सही नको. प्रत आठवडाभर आधी द्या, असं लेखी कळवा, मेलवर. ग्रुपवर नाही.

नवा_सभासद: वाघोलीत टू बीएचकेचं भाडं किती चाललंय? पार्किंग धरून.

मातीत_हात: पाणी एसटीपीचं देतात का टँकरचं? सांगितलंच नाही अजून.