अनुभव धागा: ॲप डोमेनच्या मुळाशी नसून /गेटपास/ खाली बसवायचं असेल तेव्हा

धागाकर्ती: चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत आतल्या वापरासाठी बहुधा एकच डोमेन असतं, एकच सर्टिफिकेट, आणि त्याखाली /हजेरी/, /गेटपास/, /कँटीन/ अशी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली ॲप्स. लोकलहोस्टवर सुरळीत चालणारं ॲप तिथे बसवलं की पहिलं पान उघडतं आणि लॉगिनचं बटण दाबलं की ४०४ ('पान सापडलं नाही'). ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी नेमकं काय बसवलं ते लिहा. 'आमच्याकडे चालतंय' एवढंच नको, कॉन्फिग सांगा. (पाथ इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहितेय. प्रत्यक्षात रोमनच ठेवा, नाहीतर लॉगमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची रांग वाचत बसाल.)

कोथरूडकर: फ्रेमवर्कच्या आधी एक गोष्ट ठरवा: प्रीफिक्स (पाथच्या सुरुवातीचा /गेटपास हा भाग) कापणार कोण, प्रॉक्सी (ब्राउझरच्या विनंत्या घेऊन ॲपकडे पोचवणारा पुढचा सर्व्हर) की ॲप? दोन्ही पद्धती बरोबर आहेत. दोघांनी कापला किंवा कोणीच कापला नाही, की गाडी अडते. दोन्हीकडे बहुधा ४०४च दिसतो, म्हणून ब्राउझरकडे बघून निदान करू नका. ॲप सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये काय पाथ पोचला ते बघा.

एनजिनएक्स या प्रॉक्सीत हा निर्णय एका स्लॅशवर ठरतो. 'लोकेशन /गेटपास/' च्या आत 'प्रॉक्सी_पास' मध्ये पोर्टनंतर स्लॅश दिला, तर /गेटपास/यादी आलेली विनंती ॲपला /यादी म्हणून मिळते. पोर्टवरच थांबलात तर अख्खा पाथ जसाच्या तसा जातो. लोकेशनला मात्र शेवटचा स्लॅश नेहमी द्या. नुसतं 'लोकेशन /गेटपास' लिहून प्रॉक्सी_पासला स्लॅश दिला तर ॲपला //यादी मिळते, शिवाय /गेटपास-जुना सुद्धा त्याच लोकेशनमध्ये शिरतो. शेवटी स्लॅश असेल तर /गेटपास टाइप करणाऱ्याला एनजिनएक्स स्वतःच ३०१ (रीडायरेक्ट) देऊन /गेटपास/ वर नेतो, वेगळा नियम लागत नाही.

आणखी दोन खाचा. रेजेक्स (नमुना जुळवणाऱ्या) लोकेशनमध्ये प्रॉक्सी_पासला पाथ देता येत नाही, कॉन्फिग तपासतानाच एनजिनएक्स नकार देतो. आणि प्रॉक्सी_पासमध्ये व्हेरिएबल वापरलं की ही आपोआप कापाकापी होत नाही, रीराइट स्वतः लिहावं लागतं. कॅडी (दुसरा एक प्रॉक्सी) वापरणाऱ्यांसाठी: 'हँडल_पाथ' कापतो, 'हँडल' कापत नाही.

बाणेर_बॅकएंड: पायथनवाल्यांनी पेप ३३३३ (वेब सर्व्हर आणि पायथन ॲप यांच्यातल्या देवाणघेवाणीचं मानक) मधली विभागणी लक्षात ठेवावी. 'स्क्रिप्ट_नेम' म्हणजे ॲप जिथे बसलंय तो भाग, 'पाथ_इन्फो' म्हणजे ॲपच्या आतला भाग. राउटिंग पाथ_इन्फोवर होतं, लिंक बनवताना स्क्रिप्ट_नेम पुढे जोडलं जातं. प्रॉक्सीने प्रीफिक्स कापला पण ॲपला कळवला नाही, तर पानं उघडतात आणि लिंका सगळ्या मुळाकडे जातात. धागाकर्तीने लिहिलेला ४०४ बहुतेक वेळा हाच.

जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये दोन रस्ते:

प्रॉक्सी कापत असेल तर सेटिंग्जमध्ये 'फोर्स_स्क्रिप्ट_नेम' ला /गेटपास द्या. हे सेटिंग फक्त जोडतं, कापत नाही. न कापलेला पाथ आला तर ४०४ ठरलेला.

प्रॉक्सी कापत नसेल तर गुनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) सुरू करताना स्क्रिप्ट_नेम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल /गेटपास ठेवा. मग गुनिकॉर्न स्वतः कापतो आणि जँगोला दोन्ही भाग नीट देतो. इथे प्रॉक्सीनेही कापलं असेल तर त्याला पाथमध्ये प्रीफिक्स सापडत नाही आणि विनंती तिथेच फसते. यूडब्ल्यूएसजीआय या तशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये हेच काम 'माउंट' आणि 'मॅनेज-स्क्रिप्ट-नेम' मिळून करतात.

यानंतरही जे तुटतं ते हाताने लिहिलेलं असतं. टेम्प्लेटमधली /लॉगिन/ अशी लिंक, जावास्क्रिप्टमधला /एपीआय/ चा फेच, लॉगिन_यूआरएलमध्ये थेट पाथ. लॉगिन_यूआरएलला यूआरएल पॅटर्नचं नाव द्या, प्रीफिक्स आपोआप लागतो. स्टॅटिक_यूआरएलच्या सुरुवातीचा स्लॅश काढा: जँगो ३.१ पासून सापेक्ष मूल्याला प्रीफिक्स जोडला जातो. पण ते मूल्य पहिल्यांदा वाचलं जातं तेव्हाच पक्कं होतं. पहिली विनंती यायच्या आत एखाद्या मॉड्यूलने ते वाचलं तर प्रीफिक्सविना अडकतं. फोर्स_स्क्रिप्ट_नेममध्ये ही भानगड नाही, कारण ते ॲप सुरू होतानाच लागू होतं.

खराडीची: फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कमध्ये 'ॲप्लिकेशन_रूट' सेट करून लोक निश्चिंत होतात. ते राउटिंग बदलत नाही. विनंतीच्या बाहेर यूआरएल बनवताना आणि सेशन कुकीचा पाथ ठरवताना तेवढं वापरलं जातं. खरा इलाज वर्कझॉइग या फ्लास्कच्या पायाभूत लायब्ररीचा 'प्रॉक्सीफिक्स', आणि त्यात 'एक्स_प्रीफिक्स' १ करणं. डीफॉल्ट ० आहे. एनजिनएक्सकडून 'एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स' हेडर /गेटपास म्हणून पाठवा, आणि पाथ प्रॉक्सीलाच कापू द्या. हे हेडर बाहेरून कोणीही पाठवू शकतं, तेव्हा ॲपचा पोर्ट थेट उघडा ठेवू नका. ट्रॅफिक नावाच्या प्रॉक्सीचं 'स्ट्रिपप्रीफिक्स' हे हेडर स्वतःच घालतं.

फास्टएपीआय या पायथन फ्रेमवर्कमध्ये चुकलेला प्रीफिक्स पहिल्यांदा डॉक्सच्या पानावर दिसतो: पान येतं, पण ते ओपनएपीआयची जेसन (एपीआयचं वर्णन असलेली फाइल) मुळाशी शोधतं. युव्हिकॉर्नला (हे ॲप चालवणाऱ्या सर्व्हरला) 'रूट-पाथ' द्या. युव्हिकॉर्न ०.२६ पासून हा रूट-पाथ एएसजीआयने (सर्व्हर आणि ॲपमधल्या मानकाने) ॲपला मिळणाऱ्या पाथलाही पुढे जोडला जातो, म्हणून प्रॉक्सीने कापलेलाच असला पाहिजे, नाहीतर /गेटपास/गेटपास/यादी तयार होतं. स्टार्लेट (फास्टएपीआयच्या खालची लायब्ररी) जुनं ठेवून एकटं युव्हिकॉर्न अपग्रेड करू नका.

चिंचवडकर: सगळे पाथवर बोलताहेत, कुकीवर कोणीच नाही. /हजेरी/ आणि /गेटपास/ दोन्ही जँगोत असतील तर दोघांची कुकी 'सेशनआयडी', दोघांचा कुकी पाथ '/'. एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर. तक्रार 'सारखं लॉगआउट होतं' अशी येते आणि लोक सेशनची मुदत वाढवत बसतात.

'सेशन_कुकी_पाथ' आणि 'सीएसआरएफ_कुकी_पाथ' ला /गेटपास/ द्या, आणि सोबत दोन्ही कुकींची नावंही बदला. नुसता पाथ बदलला तर '/' वरची जुनी कुकी ब्राउझरमध्ये पडून राहते. ब्राउझर दोन्ही पाठवतो, लांब पाथची आधी. जँगो एकाच नावाच्या दोनांतली शेवटची धरतो, म्हणजे जुनीच. कुकीचा पाथ म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे, हेही सांगून ठेवतो. एकाच डोमेनवरच्या ॲप्सचं ओरिजिन एकच. कँटीनच्या पानात कोणी स्क्रिप्ट घुसवली तर ती हजेरीचं पानही वाचू शकते. पगाराचं ॲप असेल तर हट्टाने वेगळं सबडोमेन मागा.

औंध_फ्रंटएंड: आमच्याकडे प्रीफिक्स बिल्डच्या वेळी ठरतो, सर्व्हरवर नाही. जावास्क्रिप्टच्या साधनांपैकी व्हीटमध्ये 'बेस', अँग्युलरमध्ये 'बेस-एचरेफ', नेक्स्टमध्ये 'बेसपाथ'. टेस्टिंगला एक प्रीफिक्स आणि प्रॉडक्शनला दुसरा असेल तर दोन बिल्ड. रिॲक्ट राउटरला 'बेसनेम' वेगळं द्यावं लागतं, आणि नेक्स्टच्या इमेज कंपोनंटला थेट पाथ दिलात तर त्यात बेसपाथ हातानेच लिहावा लागतो. अँग्युलरच्या बेस-एचरेफला शेवटचा स्लॅश हवाच, नाहीतर ब्राउझर शेवटचा तुकडा फाइल समजून टाकून देतो.

कन्सोलमध्ये '<' हे अनपेक्षित टोकन आलं, तर जावास्क्रिप्टच्या जागी इंडेक्सचं एचटीएमएल आलंय असं समजा. एनजिनएक्सच्या 'ट्राय_फाइल्स' ला फाइल सापडली नाही म्हणून त्याने शेवटचा पर्याय दिलाय, मूळ दोष ॲसेटच्या पाथमध्ये आहे.

भोसरी_जावा: टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये वॉर फाइलचं (ॲपच्या पॅकेजचं) नाव हाच प्रीफिक्स. /गेटपास/नवा हवं तर फाइलच्या नावात स्लॅशच्या जागी # द्या. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये आवृत्ती २ पासून 'सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ' हे सेटिंग. प्रॉक्सीने कापू नये, विषय संपला. सेशन कुकीचा पाथही आपोआप कॉन्टेक्स्टचाच असतो, त्यामुळे चिंचवडकरांचं दुखणं इथे नाही.

धागाकर्ती: ईमेलमधल्या लिंकांचं काय? ब्राउझरमध्ये सगळं ठीक, पण सेलरीने (पार्श्वभूमीत कामं चालवणाऱ्या साधनाने) पाठवलेल्या मेलमध्ये प्रीफिक्स गायब.

बाणेर_बॅकएंड: सेलरीत विनंतीच नसते, त्यामुळे गुनिकॉर्नचं स्क्रिप्ट_नेम तिथे पोचत नाही. वर्करसाठी फोर्स_स्क्रिप्ट_नेम लागेलच, डोमेन वेगळं जोडा. वेब आणि वर्कर एकच सेटिंग्ज फाइल वापरत असतील तर सरळ प्रॉक्सीने कापायची पद्धत घ्या आणि गुनिकॉर्नचं व्हेरिएबल काढून टाका.