जेसिकाचं विमान नक्की कोणी पाडलं?

गगनबावडा:
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "१९९६ मध्ये अमेरिकेत सात वर्षांच्या पोरीच्या हातात विमान दिलं आणि तिने ते पाडलं." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय. जेसिका डुब्रॉफने काहीही पाडलेलं नाही. ११ एप्रिलला वायोमिंगमधल्या शायेनहून सेस्ना उडालं, तेव्हा विमानाची जबाबदारी शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टर जो रीडची होती आणि चौकशी मंडळाने ठपकाही त्याच्यावरच ठेवला. शायेनची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. ही मंडळी निघालेली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, विमान चढतं रडतखडत. त्यात वजन मर्यादेपेक्षा ९६ पौंड जास्त, म्हणजे ४४ किलो. वर वादळ, पाऊस, उलटसुलट वारा. उडाल्या उडाल्या वादळ चुकवायला वळले, वेग पडला, स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा उचलून धरणारा जोरच गेला, आणि विमान वस्तीत कोसळलं. जेसिका, तिचे वडील लॉइड आणि रीड, तिघेही गेले.

तिरसट:
लेक्चर झकास. आता सांगा, पोरगी नसती तर हे दोघे त्या पावसात कशाला निघाले असते? पाय पेडलला पोचेनात म्हणून ठोकळे बसवलेले. आठ दिवसांत देश आडवा पार करून परत यायचं, मुक्कामाला कॅमेरेवाले हजर. आणि हे सगळं ज्या विक्रमासाठी, तो "सर्वात लहान वैमानिक" प्रकार गिनीजवाल्यांनी अपघाताच्या भीतीने आधीच बंद केला होता! बापाची हौस, दुसरं काय.

भोचक:
+१. आमच्या सोसायटीतल्या एकाने चार वर्षांच्या पोराला कळसूबाईवर "चढवला". शिड्यांवर पोरगं बापाच्या पाठीवर, फोटोपुरतं खाली. नाक वाहतंय, हातात झेंडा. पेपरात बातमी, गळ्यात मेडल. बुधिया सिंगचं काय झालं आठवतंय ना?

दापोलीकर:
बुधियाला मध्ये आणू नका. २००६ मध्ये पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावला तो. गरिबाच्या पोराला कोणी ओळख दिली की तुमच्या पोटात दुखतं. माझी मुलगी सहाव्या वर्षापासून खाडीत पोहते. सोफ्यावर लोळून रील्स बघणारी पोरं बरी वाटतात का तुम्हाला?

भोचक:
चार-पाच वर्षांचं पोर उन्हात ६५ किलोमीटर? शेवटी कोसळलं होतं ते, डॉक्टरांना विचारा. आणि ताई, खाडीत वादळ असलं तरी उतरवता का?

दापोलीकर:
आमच्या घरात चार पिढ्या होड्या आहेत. पुण्यात बसून आम्हाला समुद्र शिकवू नका.

गगनबावडा:
अहो, धागा विमानाचा आहे! हौशी बाप जगभर आहेत, त्यांनी विमानं पडत नाहीत. मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यातली दुपार, डांबर मऊ झालेलं. मित्र मागच्या सीटवर बसायला आला, तर आमच्या सरांनी लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, पेन्सिल आपटली, "तू उतर. आज उन्हाने हवा पातळ आहे." मित्राने तोंड वाकडं केलं, पण उतरला. रीडने एवढंच करायचं होतं.

तिरसट:
तुमच्या सरांसमोर टीव्हीवाले उभे नव्हते! बरं, पोरीने पाडलं नाही, मान्य. तुमच्या ९६ पौंडांना साष्टांग दंडवत. आता त्याच मंडळाचा निष्कर्ष पुढेही वाचा: अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक गाठायची ओढ, आणि तीही काही अंशी माध्यमांना दिलेल्या शब्दांपायी. मग अमेरिकेच्या संसदेने कायदा केला तो काय पातळ हवेविरुद्ध? विक्रमासाठी बिनपरवान्याच्या हातात कंट्रोल द्यायला बंदी घातली.

गगनबावडा:
ती ओढ "हातभार लावणारं कारण" म्हणून आहे. मुख्य कारणात रीडचा निर्णय, वजन, उंची आणि स्टॉल. पण असो, कॅमेरे नसते तर तो तासभर थांबला असता, हे मलाही वाटतं. खूश?

तिरसट:
पेढे वाटतो.

भोचक:
कळसूबाईसाठीही कायदा करा आता.

दापोलीकर:
वादळात कोणीच उतरत नाही. ओहोटीला तर मीही नाही उतरत. लिहून घ्या.