साइटवरची मुलं: आधी खो-खो की आधी शाळा?

मैदानकर
पुण्याजवळच्या वाघोली, हिंजवडी, मोशीकडच्या बांधकामांवर बिहार, छत्तीसगड, कलबुर्गीकडून आलेल्या मजुरांची मुलं संध्याकाळी सळ्या-वाळूतच खेळतात. माझं मत सरळ आहे: तिथे आधी खो-खो सुरू करा. खेळाचे नियम 1914 मध्ये पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर ठरले. दोन खांब, फक्की आणि शिट्टी एवढंच सामान लागतं. भाषासुद्धा एका शब्दाची, 'खो'.

पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटर. जागा कमी असेल तर आठाऐवजी सहा चौक आखा, म्हणजे पाठलागाला सात जण पुरतात. रोज आधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी ओळीने जमीन वेचायची: बाइंडिंग तार, खिळे, फरशीच्या कपच्या. मुलं अनवाणी असतात, हे काम एक दिवसही टाळू नका. आणि दुपारच्या खिचडीनंतर पोटात काही नसतं. शाळा सुटल्यावर, साडेपाचला मूल खाली बसलं की 'दम नाही' म्हणतात. ती भूक असते. धावण्याआधी मूठभर फुटाणे आणि गूळ द्या.

फळाखडू
मैदानकर, क्रम उलटा आहे. जे मूल पटावरच नाही, त्याच्यासाठी 'शाळा सुटल्यावर' म्हणजे काय? शालेय स्पर्धेच्या वेळीही हेच आडवं येतं: बोनाफाइड नाही, जन्मदाखला नाही, तयार झालेला खेळाडू बाहेर.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही किंवा टीसी आली नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं, तेही वयानुरूप वर्गात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विचारलं की 'जूनमध्ये या' ऐकून आई-बाप परत फिरतात, आणि जूनपर्यंत साइट बदललेली असते.

मैदानकर
नाव लागणं वेगळं, टिकणं वेगळं. मराठी न कळणारं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं आणि पंधरवड्यात साइटवर परत येतं. संघातली चार मुलं एकत्र शाळेत जायला लागली की ते जातं. म्हणून मैदान आधी.

चटई_आणि_वही
तुम्ही दोघंही मुली विसरलात. पाचच्या सुमाराला पाण्याचा टँकर येतो, कडेवर धाकटं भावंड असतं. 'लहानांना आणू नका' असा नियम केलात की दुसऱ्या आठवड्यात फक्त मुलगे उरतात. मैदानाच्या कडेला चटई टाका, लहानांवर लक्ष ठेवायला वस्तीतलीच एक बाई पगारावर घ्या. टँकरची वेळ विचारूनच शिट्टीची वेळ ठरवा.

मुलांना सोबत करायला येणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल मला खरी काळजी वाटते. एका मुलाला एक दादा, ही पद्धत इथे मोडते. कॉलेजची मुलं जुलैत येतात आणि परीक्षा आली की थांबतात. ज्याने चार महिन्यांपूर्वी गाव सोडलं, त्याला पुन्हा कुणीतरी सोडून जातं. आठ मुलांमागे दोघं ठेवा, त्यातला एक पगारी. आणि प्रत्येक मुलाकडे एक वही: वय, इयत्ता, कोणती लिपी वाचता येते, शाळेचा फोन. कुटुंब हललं की पुढच्या शाळेत तीच दाखवायची.

फळाखडू
वही पटली. पण पगारी माणूस एकच परवडणार असेल, तर तो सकाळी दहाला शाळेच्या ऑफिसात हवा, संध्याकाळी मैदानावर नव्हे.

मैदानकर
दहाला तो ज्या मुलाचा अर्ज घेऊन जाईल, त्याचं नाव तरी त्याला मैदानाशिवाय कुठे कळणार?