मदत हवी आहे: शिक्षकांची पात्रता पालकाला कुठून कळेल?

मुलगी सहावीत आहे. राज्य मंडळाची शाळा, पण खासगी, विनाअनुदानित. गणिताच्या वहीत १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय आणि त्यावर लाल शाईची बरोबरची खूण! एखाद्या वेळची नजरचूक म्हणून सोडलं असतं, पण फळ्यावरूनही हीच रीत उतरवून घेतलीये. छेद सारखे करणं वगैरे काही नाही.

बाईंशी बोलले, "बघते" म्हणाल्या. मुख्याध्यापकांना वही दाखवली, तर "नवीन आहेत, शिकतील". टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे का विचारलं, तर "ती आमची अंतर्गत बाब". पालक-शिक्षक संघात विषय काढला, पण सगळे गप्प.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २३ शिक्षकांच्या किमान पात्रतेबद्दल आहे आणि ते खासगी शाळांनाही लागू आहे, एवढं माहीत आहे. शाळा बदलणं वर्षाच्या मध्ये शक्य नाही. बाईंची नोकरी जावी असंही मनात नाही, शिकवणं सुधारावं इतकंच.

शाळा दाद देत नाही, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून खासगी शाळेतल्या शिक्षकांची पात्रता कळते का? कुणी असा अर्ज केला असेल तर त्यात नेमकं काय मागितलं होतं?