जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये आणला, पण निळ्या स्क्रीनपुढे सरकत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत काकांचं मशीनशॉप आहे. मी तिथं अकाउंट्स बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी आणि सर्व्हर बसला तरी हाक मलाच. २०११ साली घेतलेला टॉवर सर्व्हर अजून चालतोय. त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर२, एसक्यूएल आणि चलन-स्टॉकचं एक सॉफ्टवेअर आहे. ते लिहून देणारे गृहस्थ केव्हाच धंदा गुंडाळून बसले आणि सेटपची सीडी कुणालाच सापडत नाही. नव्या मशीनवर पहिल्यापासून टाकणं त्यामुळे बादच. त्यात गेल्या आठवड्यात रेड-१ मधल्या (दोन्हींवर तोच डेटा ठेवणाऱ्या) दोन डिस्कपैकी एकीचा दिवा केशरी झाला. मग ठरलं, आहे तसा सर्व्हर उचलायचा आणि नव्या मशीनवरच्या प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) बसवायचा.

चालू सर्व्हरवरच डिस्क-टू-व्हीएचडी चालवून व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची कॉपी, काढली. (पहिल्यांदा चार जीबीला अडकलं. बाहेरची डिस्क फॅट३२ निघाली, ती एनटीएफएस केली.) फाइल प्रॉक्समॉक्समध्ये इम्पोर्ट केली आणि डिस्क व्हर्टआयओला (व्हीएमसाठीची वेगवान जोडणी, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो) जोडली. विंडोजचा लोगो येतो, मग क्षणभर निळी स्क्रीन आणि परत रीस्टार्ट. मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून पाहिलं तर स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. जोडणी साटा करून पाहिली, आयडीई करून पाहिली, तेच. सेफ मोडलाही तेच.

पुन्हा कॉपी घ्यायची म्हटलं तर पोटात गोळा येतो, धड डिस्क एकच उरली आहे. काय चुकलं?

गवती_चहा:
आधी एक सांगा, कॉपी घेताना ती १०० एमबीची 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' (विंडोज सुरू करणारा छोटा भाग) पण टिक केली होती ना? केलीच असणार म्हणा, नाहीतर लोगोपर्यंत पोचलाच नसता. म्हणजे कॉपी ठणठणीत आहे, घाबरू नका. ७बी म्हणजे विंडोज अर्धी उठली आणि तिला स्वतःचीच डिस्क दिसेना. तुमच्या विंडोजला फक्त जुन्या रेड कार्डचा ड्रायव्हर बूटच्या वेळी उचलायची सवय आहे. आयडीई-साटाचे ड्रायव्हर आत आहेत, पण वापरात नव्हते म्हणून झोपवलेले. सेफ मोडलाही डिस्क लागतेच, म्हणून तिथंही तीच रड.

रात्रपाळी:
+१. पुन्हा कॉपी नको, आहे त्या व्हीएममध्येच दुरुस्त होईल. डिस्क आयडीईला जोडा, २००८ आर२ ची आयएसओ (सेटपच्या डीव्हीडीची फाइल) लावून बूट करा, रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट आणि तिथं रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) बदलायचं साधन. इथं हमखास फसायला होतं: समोर दिसते ती रजिस्ट्री आयएसओची असते, तुमची नव्हे. एचकेएलएम (एचकी लोकल मशीन) निवडून 'लोड हाइव्ह' (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल) करा आणि तुमच्या विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली 'सिस्टिम' ही फाइल उघडा. तिथं सी ड्राइव्ह म्हणजे बहुधा ती १०० एमबीवाली असते, विंडोज डी वर सापडेल. मग कंट्रोलसेट००१, सर्व्हिसेस. एटापीआय, इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई आणि एमएसएएचसीआय या चौघांचं 'स्टार्ट' ३ असेल तर ० करा. हाइव्ह अनलोड करायला विसरू नका.

व्हर्टआयओ नंतर. विंडोज आयडीईवर नीट उठली की एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, ड्रायव्हर टाकायचा आणि मग मुख्य डिस्क तिकडे न्यायची. २००८ आर२ ला ड्रायव्हरची जुनी आवृत्ती लागते. आणि कृपा करून हिला इंटरनेट देऊ नका, मायक्रोसॉफ्टचा एक्स्टेंडेड सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला.

गवती_चहा:
शेवटची कॉपी घेतली तेव्हा एसक्यूएल बंद होतं का? नसेल तर कामाला लागण्याआधी डेटाबेसचा ताजा बॅकअप जुन्यावरून आणून चढवा. कॉपीनंतरची चलनं जुन्यावरच असतील.

धागाकर्ता:
उठली!! रात्री पावणेबाराला लॉगिन स्क्रीन दिसली. चौघांपैकी तिघं ३ वरच होते. विंडोज डी वरच होती, तुम्ही सांगितलं नसतं तर सी मध्ये शोधत बसलो असतो. बॅकअप उद्या सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आत चढवतो.

आता दोन नवी दुखणी. जुना आयपी टाकला तर म्हणते, हा पत्ता दुसऱ्या नेटवर्क कार्डाकडे आहे. जुना सर्व्हर तर बंद आहे! आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. दुरुस्त केलं तरी व्हीएम बंद करून चालू केली की परत मागे. चलनावर वेळ छापली जाते हो.

रात्रपाळी:
ते दुसरं कार्ड म्हणजे जुन्या सर्व्हरचंच, रजिस्ट्रीत भूत होऊन बसलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'लपलेली दाखवा' केल्याने २००८ आर२ त ते दिसत नाही. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डेव्हएमजीआर शो नॉनप्रेझेंट डिव्हाइसेस' हा व्हेरिएबल १ करा (सगळे शब्द अंडरस्कोरने जोडून, 'डिव्हाइस मॅनेजर' ऐवजी ते आखूड रूप), त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि फिकट दिसणारं कार्ड अनइन्स्टॉल करा.

घड्याळाचं सोपं आहे. व्हीएम बनवताना ओएस टाइप लिनक्स ठेवलात ना? म्हणून ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) देते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. ऑप्शन्समध्ये विंडोज करा, व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा. आतून रीस्टार्ट केलेलं चालणार नाही.

धागाकर्ता:
लिनक्सच होतं. पुढे पुढे नेक्स्ट दाबत गेलो होतो. दोन्ही जमलं, आता वेळ बरोबर दाखवतेय. जुना सर्व्हर महिनाभर तसाच ठेवतो, फक्त नेटवर्कची वायर काढून.