वावराला लागून टाउनशिप येऊन राहिली: तुमच्या गावाचा अनुभव सांगा

नमस्कार. उमरेड रोडवरून सात किलोमीटर आत आमचं गाव, अडीचशे उंबरठ्यांचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गावाच्या उगवतीला, नाल्याच्या दोन्ही अंगांनी, ११० एकरांवर मोठी वसाहत उभी करायचा प्रस्ताव आहे. फ्लॅट, बंगले, दुकानं, दवाखाना, शाळा, ऑफिसं, सगळं एकाच कुंपणात.

मागच्या पंधरवड्यात मारुतीच्या पारावर कंपनीच्या लोकांनी रंगीत नकाशा दाखवला. मी त्यात आमची पांदण, म्हणजे वावरांकडं जायची वाट, शोधत होते. सापडली नाही. नाला होता, पण फूटपट्टीनं काढल्यासारखा सरळ. आमचा नाला तीन वेळा वळतो आणि मोठा पाऊस झाला की शाळेमागच्या वावरात शिरतो. मी विचारलं, तर "ते नंतर बघू" असं उत्तर मिळालं.

गावात दोन तट पडलेत. जमीन विकणारे एकीकडं, बाकीचे दुसरीकडं, आणि मधे कितीतरी घरं अशी की ज्यांना कोणी विचारलंच नाही. दिवाळीनंतर ग्रामसभा आहे. त्याआधी मला भाषणं नकोत. ज्यांच्या शेजारी असं काही आलं, ज्यांनी जमीन विकली, ज्यांनी तिथं घर घेतलं किंवा ज्यांनी असे नकाशे मंजूर केले, त्यांनी घडलं तसं लिहा.

शेतकरी, हिंगणा तालुका

मॅडम, आमची साडेचार एकर गेली. पैसा चांगला भेटला, खोटं कशाला सांगू. माझ्या मोठ्या भावानं त्यातून भिवापूरकडं सात एकर घेतली, त्याचं आजही बरं चाललं आहे. मी घर बांधलं, पोरीचं लग्न केलं, गाडी घेतली. आता पोळ्याला दुसऱ्याच्या बैलाला पुरणपोळी चारतो.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. आमच्या सातबाऱ्यावर बाबांनंतर चार नावं चढायला हवी होती, चढली दोन. बहिणींना विचारलं नाही. सौदा झाल्यावर त्या कोर्टात गेल्या, अन् त्यांचं काही चुकलं नाही. तीन वर्षं रक्कम अडकून राहिली. राखीला बहिणी आल्या नाहीत, हे दुखणं पैशापेक्षा मोठं. म्हणून सौद्याच्या आधी फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, पाहा, वाटणी करून घ्या.

दुसरं म्हणजे इसार, सौद्याची आगाऊ रक्कम. आमच्या शेजाऱ्यानं थोडा इसार घेऊन कुलमुखत्यारपत्रावर सही करून दिली. कागदात मुदतच नव्हती. सहा वर्षं झाली, वावर ना त्याचं ना त्यांचं. पेरायला गेला की माणसं येऊन उभी राहतात. मुदत, पूर्ण रक्कम आणि ती दिली नाही तर काय, हे तीन शब्द कागदात नसतील तर सही करू नका. वकील तुमचा असावा, त्यांनी दिलेला नाही.

आमच्याच तालुक्यात गोधणी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथं सुमारे ६९२ हेक्टरवर नवीन नागपूर उभारायला सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मान्यता दिली. रिठी म्हणजे वस्ती उठलेलं, महसुली नोंदीत उरलेलं गाव. गाव रिठी असलं तरी वावरं रिठी नसतात, हे नकाशा काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मजूर कुटुंब, भिवापूर तालुका (आई सांगते, मी लिहिते)

आमच्याकडं जमीन नाही, म्हणून आम्हाला कोणी पैसेही विचारले नाहीत आणि मतही. आई पावसाळ्यात निंदणाला जायची, उन्हाळ्यात मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर. देठ खुडून खुडून हात रात्रभर आग मारायचे. शेजारी बंगल्यांची स्कीम झाल्यावर ती तिथं चार घरी कामाला लागली. महिन्याच्या महिन्याला पगार, सावलीतलं काम. ती म्हणते, हे चांगलंच झालं, कोणी वाईट म्हणू नये.

पण कुंपण घातलं तेव्हा नाल्याकडं जायची वाट बंद झाली. आमच्या सहा बकऱ्या विकाव्या लागल्या. सरपण गेलं, सिलिंडर आलं, त्याचे पैसे पगारातून. कामावर जायला आधी दहा मिनिटं लागायची, आता मोठ्या गेटवरून वळसा घालून पाऊण तास. आई म्हणते, "मॅडमच्या गावात सांगा, काम येऊ द्या, पण वाट मागून घ्या. एक माणूस अन् एक बकरी जाईल एवढी तरी." ग्रामसभेत बायका मागं बसतात आणि बोलत नाहीत. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची असते ना? ती खरोखर घ्या.

निवृत्त नगररचनाकार, नागपूर

ताई, मी २८ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

आधी तुमचं गाव कोणाच्या अखत्यारीत येतं ते पाहा. नागपूर महानगर क्षेत्र मूळ ७१९ गावांचं. उमरेड तालुक्याचा काही भागच त्यात होता. गाव आत असेल तर परवानगी महानगर प्राधिकरणाकडून, बाहेर असेल तर प्रादेशिक योजना आणि जिल्हाधिकारी. अर्ज चुकीच्या दारी गेला की महिने वाया जातात.

तुमच्याकडचा प्रस्ताव बहुधा एकात्मिक नगर वसाहतीचा असावा. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी किमान ४० हेक्टर, म्हणजे साधारण १०० एकर, सलग जमीन लागते. 'सलग' या शब्दावर बोट ठेवा. नाला किंवा रस्ता मधे आला तरी जमीन सलगच धरतात, पण मधे गावठाण, वनजमीन, आदिवासी खातेदाराची जमीन आहे का, हे सर्व्हे नंबर लावून विचारा. पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठं सोडणार, याचा कागद मागा. "बोअर मारू" हे उत्तर नव्हे. भूजल अधिनियम २००९ प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंदी आहे, आणि हजारो माणसांची वसाहत बोअरवर चालत नाही.

शेती विभागाचा रहिवास विभाग करायचा झाला तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते. माझ्यासमोर हजारभर हरकती आल्या असतील. त्यातल्या बहुतेकांत एकच ओळ: "आमचा प्रकल्पास विरोध आहे." खाली तीनशे सह्या. अशा अर्जावर मला काहीच करता येत नसे. विरोध नोंदवायचा आणि पुढं जायचं.

एकदा मौद्याकडचे एक आजोबा आले. पिशवीतून त्यांनी गावाचं निस्तारपत्रक काढलं. आपल्या विदर्भात ही मोठी ठेव आहे. गुरं कुठं चरणार, सरपण कुठून आणणार याची निस्तारपत्रकात नोंद असते. वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटीचे रस्ते, पाण्याचे आणि मासेमारीचे हक्क असतात. जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमं १६१ आणि १६५. आजोबांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "साहेब, तुमच्या अठरा मीटरच्या रस्त्याखाली आमच्या गुरांचं पाणी आहे." रस्ता सरकला. तीनशे सह्यांनी झालं नव्हतं ते एका कागदानं झालं.

आता माझी चूक. एका अभिन्यासावर, म्हणजे लेआउटच्या नकाशावर, मी सही केली, त्यात नाला बारीक निळ्या रेघेनं दाखवला होता. मी जागेवर गेलो होतो, पण मे महिन्यात. कोरडी घळ दिसली, रेघ बरोबर वाटली. दोन वर्षांनी ऑगस्टात खालच्या वस्तीतल्या चौदा घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. वर भराव टाकून बांधकाम झालं होतं, पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती. घरातलं धान्य बाहेर वाळत घातलेलं मी पाहिलं आहे. तेव्हापासून कोणी विचारलं की एकच सांगतो: अधिकाऱ्याला पावसाळ्यात जागेवर न्या. नसेल येत, तर पुराच्या खुणा भिंतीवर रंगवा, तारीख टाका, फोटो काढा आणि हरकतीला जोडा.

फ्लॅटमध्ये राहणारी, कळमेश्वर तालुका

मी कुंपणाच्या आतली आहे. आम्हाला गावाचे शत्रू समजू नका. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो. शहरात घर परवडलं नाही, वीस वर्षांचं कर्ज काढून इथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. माहितीपत्रकात चोवीस तास पाणी लिहिलं होतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात नऊपैकी सहा बोअर आटले.

मग टँकर. तो कुठून येतो, हे मी दीड वर्ष विचारलं नाही. पाणी शेजारच्या गावातल्याच विहिरीवरून येत होतं, आणि तिच्या खाली एका काकांची संत्र्याची बाग होती. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या पिकाला, उन्हात पाणी तुटलं की फळं गळतात. ते काका एक दिवस गेटवर आले. भांडले नाहीत. पोत्यात गोळा केलेली लिंबाएवढी हिरवी संत्री त्यांनी दाखवली आणि परत गेले. मला आजही ते पोतं आठवतं.

नंतर आम्ही दहा-बारा घरं ग्रामपंचायतीत जाऊन बसलो. सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र बांधलेलं होतं, पण बंद. वर्गणी काढून ते चालू केलं, बगीचा आणि फ्लश त्या पाण्यावर आणले. टँकर निम्मे झाले. बाग पूर्ण वाचली नाही, अर्धी झाडं तोडली गेली. ताई, केंद्र बांधणार का हे विचारू नका, ते बांधतातच. ते चालवणार कोण आणि वीजबिल कोण भरणार, हे लेखी घ्या.

माजी सरपंच, सेलू तालुका, जिल्हा वर्धा

आमच्याकडं समृद्धी महामार्ग झाल्यापासून जमिनीला भाव आला आणि पाठोपाठ लेआउट आले. मी पाच वर्षं सरपंच होते. घरटॅक्स वाढणार म्हणून मी खूश होते. वाढलाही. पण रस्ते, नाल्या, दिवे ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडले आणि दिव्यांचं बिल टॅक्सच्या पुढं गेलं. मोकळी जागा कागदावर आमची, जागेवर दुसऱ्याचा वीट-रेतीचा ढीग. हस्तांतराचा कागद मी सही करण्याआधी मागायला हवा होता.

ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती संख्या. त्यामुळं तुमच्या गावात शंभरावर माणसं जमवायची गरज पडणार नाही. ठराव सभेतच लिहा आणि वाचून दाखवा. आमच्याकडं सभेत "अटींसह" म्हटलं होतं, वहीत अटी आल्याच नाहीत.

पुनर्वसित गावातून, कुही तालुका

आमचं जुनं गाव धरणात गेलं. नव्या गावठाणात रस्ते सरळ, प्लॉट सारखे. अठरा नागरी सुविधांची यादी होती, समाजमंदिर होतं, स्मशानशेड होतं. आखर नव्हतं. सकाळी गुरं कुठं जमवायची हे नकाशा काढणाऱ्याला सुचलं नाही, अन् आम्हीही सांगितलं नाही, कारण आखर म्हणजे मागायची वस्तू आहे असं कधी वाटलंच नव्हतं. तीन वर्षांत गावातली अर्धी गुरं विकली गेली. गावात रोजचं जे जे करता, ते उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढा.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. कुहीच्या भाऊंनी सांगितलं तसं आम्ही केलं. मागच्या रविवारी चौदा बाया, तीन शाळेतली पोरं आणि कोतवाल दादा पांदणीनं पूर्ण चाललो. सातवीतल्या पोरांनी दोरीनं नाल्याची रुंदी मोजली: वळणावर एकोणीस मीटर, कंपनीच्या नकाशात सहा. शाळेच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण होती, चुन्याखाली गेलेली. ती खरवडून मोकळी केली.

महिला सभा सोमवारी झाली, एकवीस जणी बोलल्या. दोघींनी प्रकल्प हवाच असं ठामपणे सांगितलं, तेही वहीत लिहिलं आहे. त्यातल्या एकीचा मुलगा पुण्यात गार्डची नोकरी करतो, तो गावी परत यावा असं तिला वाटतं. तिला मी काय उत्तर देणार?

निस्तारपत्रकाची नक्कल तहसीलमधून काल मिळाली. नाल्याकाठची गुरांच्या पाण्याची जागा त्यात आहे, नंबरासकट. पांदण मात्र त्यात नाही. वाजिब-उल-अर्जसाठी आज अर्ज दिला. ज्यांनी ही नक्कल काढली आहे त्यांनी किती दिवस लागले ते कळवा, ग्रामसभेला सतरा दिवस उरले आहेत.